खेट्यांच्या गोळ्या

माघ जवळ आला की आमच्या मंगळवार पेठेतल्या औषधाच्या दुकानात एका गोळीला मागणी येते. बायका तिचं नाव सांगत नाहीत आणि दुकानदारही विचारत नाही. "खेट्याच्या द्या," एवढं म्हटलं की तो मागे वळतो, पट्टी काढतो आणि खाकी पिशवीत घालून पुढे सरकवतो. ही पाळी लांबवायची गोळी. माघातले पाच रविवार कोल्हापुरातून जोतिबाच्या डोंगरावर अनवाणी चालत जायचं, त्याला आम्ही खेटे म्हणतो. पाच रविवार म्हणजे महिना गेलाच, आणि महिन्यात पाळी यायचीच. मग पाळीतली बाई देवाच्या दारात जाणार कशी? म्हणून गोळी. सोवळं पाळणाऱ्या घरांनी विज्ञानाला इतक्या आनंदाने घरात घेतल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

लग्न होऊन या घरात आल्यापासून मीही दरवर्षी खेटे केले आणि दरवर्षी गोळी घेतली. पट्टी आणून माझ्या हातावर ठेवायच्या त्या आमच्या आत्या. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच रीत आहे. साठी उलटली तरी खेट्याला त्यांच्या पुढे कुणी जात नसे. मी मात्र एरवी कशातच पुढे नसायचे, कारण मला पोटाचं दुखणं होतं.

ज्याचं जळतं त्याला कळतं, हे खरं आहे. पण दुसऱ्यालाही थोडं कळावं असा माझा हट्ट आहे, म्हणून सांगते. पाळीच्या दोन दिवस आधीपासून ओटीपोटात, अगदी आत, पाठीच्या बाजूला काहीतरी धुमसायला लागायचं. मग ते कमरेतून मांड्यांत उतरायचं. संडासला बसलं की डोळ्यांपुढे अंधारी. मी जयसिंगपूरच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. त्या दिवसांत टेबलाची कड पोटात रुतवून, दोन्ही हात टेकून मी तास घ्यायचे आणि मुलांना वाटायचं, आज मॅडम फार चिडल्यात. चिडलेली असायचेच, पण त्यांच्यावर नाही. पाळी संपली तरी दुखणं पुरतं जात नसे. पाहुणा जेवण झाल्यावरही सोफ्यावर बसून राहावा, तसं बसून राही.

लग्नाआधी ज्या डॉक्टरांना दाखवलं ते म्हणाले, लग्न झालं की थांबेल. लग्नानंतर ज्यांना दाखवलं ते म्हणाले, मूल झालं की थांबेल. मूल काही होईना. म्हणजे दुखणं जायला मूल हवं आणि मूल व्हायला दुखणं जायला हवं, तर माणसाने जायचं कुठे? सोनोग्राफी केली की काही सापडत नसे आणि त्यावर सगळे खूश होत, मी सोडून.

फक्त माघात दुखत नसे.

एकदा नाही, दर माघात. "खेटं सुरू झालं की पोरीचं दुखणं कसं पळतंय बघा की," आत्या गल्लीला सांगायच्या. खेटे संपले की आठवड्याभरात पाळी यायची आणि राहिलेलं सगळं दुखणं व्याजासकट वसूल करायची. त्यावरही आत्यांकडे उत्तर होतं. "देवानं दावलं न्हवं, मी हाय म्हणून? मग तूच इसरतीस त्येला." म्हणून माझ्या मागे रविवारचा उपास लागला. गल्लीतल्या दोघी-तिघींनी माझं उदाहरण देऊन आपल्या सुनांना खेट्याला जुंपलं. आणि मी? मी अकरावीच्या पोरांना पहिल्याच आठवड्यात बजावते की एका गोष्टीमागून दुसरी घडली म्हणजे पहिलीने दुसरी घडवली असं होत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. तीच मी डोंगरावर गुलालात उभी राहून चांगभलं म्हणताना खरीखुरी रडलेली आहे. महिनाभर न दुखणारं पोट घेऊन उभं राहिलं की कुणाला तरी हात जोडावेसे वाटतातच. रिकाम्या पट्टीला कोण हात जोडतं?

गेल्याच्या गेल्या पौषात मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत खाली बसले ती मला उठवेना. पोरींनी पाणी दिलं, शिपाईमावशींनी पाठ चोळली. प्राचार्य सज्जन माणूस, त्यांनी सज्जनपणे सुचवलं की तब्येतीपुढे नोकरी ती काय. त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं की मी नोकरी सोडते. माझा नवरा उद्यमनगरात लहानसं मशीनशॉप चालवतो आणि महिन्याला मोजकं बोलतो. त्याने जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, "नोकरी ऱ्हाऊ दे. आधी चांगल्या डॉक्टरकडं जाऊ."

या डॉक्टरबाई साधारण माझ्याच वयाच्या, बोलणं अस्सल इथलं. त्यांनी आधी तपासलं नाही, आधी ऐकलं. इतकी वर्षं दवाखाने हिंडून हे माझ्या वाट्याला पहिल्यांदा आलं होतं. मधेमधे त्या नेमकं विचारत होत्या. संडासच्या वेळी दुखतं का? नवऱ्याजवळ गेल्यावर दुखतं का? या प्रश्नाला माझा नवरा भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक मन लावून वाचायला लागला. शेवटी त्यांनी विचारलं, "अख्ख्या वर्षात असा एखादा महिना आठवतो का, ज्यात दुखलं नाही?"

"माघ," मी म्हटलं.

"कुठल्या वर्षीचा?"

"दरवर्षीचा."

नवऱ्याला एकदाचं बोलण्याजोगं काही सापडलं. "खेटं करतोय न्हवं आम्ही. जोतिबाचं हाय मॅडम ते."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मग खेट्याला गोळी घेत असणार की तुम्ही."

हो म्हणता म्हणता माझ्या अंगावर काटा आला. देवाची करणी आणि नारळात पाणी, असं म्हणत आम्ही इतकी वर्षं नारळ फोडत होतो, आणि पाणी आलं होतं औषधाच्या दुकानातून.

पुढे एमआरआय झाला. डॉक्टरबाईंना संशय होता ते त्यात दिसलं, आणि त्यांनी आम्हा दोघांना पुन्हा बसवून समजावलं. गर्भाशयाला आतून जे अस्तर असतं, तसलंच अस्तर काही बायकांना गर्भाशयाच्या बाहेरही उगवतं. कुणाला अंडाशयावर, कुणाला आतड्याजवळ. माझ्यात ते गर्भाशयाच्या मागच्या बाजूला होतं. याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. दर महिन्याला तेही पाझरतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. ते तिथेच जिरतं आणि त्यातलं लोखंड मागे उरतं.

लोखंड म्हटल्यावर मी सावरून बसले, कारण इथून पुढचा तास माझा होता. मोकळं लोखंड आणि ऑक्सिजन यांची गाठ पडली की काय होतं, ते मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. फार तापट रेणू तयार होतात. शेजारच्या पेशींचं हाताला लागेल ते ते ओरबाडून घेतात. त्यांना आवरणारी द्रव्यं शरीराजवळ असतात, पण दर महिन्याला तिथे नवं रक्त येऊन पडलं तर ती पुरणार किती? या ओढाताणीला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. पेशी दुखावल्या की शरीर आपल्या रक्षक पेशी तिकडे पाठवतं. सूज येते. आणि या रक्षक पेशीही मारा करताना पुन्हा तसलेच तापट रेणू सोडतात, की पुन्हा सूज. तिथल्या नसा इतक्या हळव्या होतात की नुसत्या स्पर्शाला ओरडतात. शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. आधी सूज की आधी रोग, हे अजून शोधतायत, असं डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं, आणि न कळलेलं न कळलेलं म्हणून सांगणारा डॉक्टर मला लगेच आवडतो.

नवरा म्हणाला, "म्हंजे गंजच की. वरचा पापुद्रा काढला की खाली परत गंज."

"गंज नाही, पण समजायला चालेल," त्या म्हणाल्या.

खेट्याच्या गोळीने महिनाभर हे पाझरणं थांबायचं, आतलंही आणि बाहेरचंही. नवं रक्त पडायचं नाही, म्हणून आतली धुमस बसायची. आता त्या देणार होत्या ती गोळीही त्याच घराण्यातली, फक्त रोज घ्यायची, वर्षभर तरी, आणि त्यांच्या देखरेखीखाली. दुकानातून परस्पर पट्ट्या आणल्याबद्दल त्यांनी मला दोन शब्द सुनावले, ते मी निमूट ऐकले. मग त्या म्हणाल्या, "ही चालू असेपर्यंत दिवस राहायचे नाहीत. मूल आधी हवं असेल तर रस्ता वेगळा आहे, त्याचंही बोलू. घाई नाही. तुम्ही ठरवा."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "तू सांग." आणि मी सांगितलं की मला आधी दुखायचं थांबायला हवं आहे. मूल नंतर. कदाचित कधीच नाही. हे वाक्य मी कधीकाळी मोठ्याने म्हणेन असं मला वाटलं नव्हतं. म्हटल्यावर मात्र फार हलकं वाटलं.

घरी आत्यांना हे सांगणं उरलं होतं. त्यांना न सांगता गोळी घेता आली असती, पण एकाच स्वयंपाकघरात चोरून जगायचं मला जमत नाही. त्या भाकरी थापत होत्या. ऐकताना त्यांचा हात थांबला.

"वरीसभर पाळी बंद? ते कसलं औषध? बाईची पाळी गेली म्हंजे ऱ्हायलं काय? आन् नातवंडाचं?"

माझा मुळातला राग वर आला. "आत्या, दरवर्षी महिनाभर तुम्हीच बंद करत होता. स्वतःच्या हाताने पट्टी आणून देत होता. देवासाठी बंद केलेली चालते, मग माझ्यासाठी का चालत नाही?"

"ते देवानं थांबवलं हुतं."

"देवाने नाही. गोळीने."

परातीतली भाकरी तशीच राहिली. माझं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि तरीही बोलून झाल्यावर मला वाईट वाटलं. सुनेचं दुखणं आपल्या देवाने हलकं केलं, या एका गोष्टीवर ती बाई पाच वर्षं पेठेत ताठ चालत होती, आणि तेच मी एका वाक्यात काढून घेतलं होतं.

त्यानंतर चार-पाच दिवस आत्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मी गोळी सुरू केली. पेठेत बातमी पोचायला वेळ लागत नाही. शेजारणीने स्ट्रेस हा शब्द पकडला आणि मला टेन्शन न घेण्याचा सल्ला देऊन गेली. नवऱ्याने आईला गंजाचं समजावलं, त्याचा परिणाम असा की दुसऱ्या दिवशी घरात पाटीभर आवळे आले. आंबटाने तांब्याची भांडी लख्ख होतात, तर पोट का नाही, हा आत्यांचा हिशोब. मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "खावा की, आवळा चांगलाच. पण आवळ्यानं हे बरं होतंय म्हणून कुणी सांगितलं तर ऐकू नका." आवळे मी खाल्ले. ते आत्यांनी माझ्याशी न बोलता चिरून, मीठ लावून ताटात ठेवलेले असत, ते नको कसे म्हणणार?

माघ आला. पहिल्या रविवारी पहाटे आत्या दारात उभ्या. "येणार न्हवं?"

"येणार की," मी म्हटलं. देवाशी माझं भांडण नव्हतंच.

शिवाजी पुलावर अजून अंधारच होता, पुढेमागे माणसांची रांग, थंडीने गारठलेली पावलं. आत्या नेहमीसारख्या पुढे गेल्या नाहीत, माझ्याबरोबर चालत राहिल्या. उजाडता उजाडता डोंगराखालच्या कुशिऱ्याच्या चढावर त्या एका दगडावर बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना त्या चढावर बसलेलं पाहिलं नव्हतं. मला वाटलं दम लागला. त्या समोर बघत बोलायला लागल्या.

"आमच्या टायमाला गोळी न्हवती गं. चार दिस गोठ्यात. धार काढायची न्हाई, पण शेण काढायला चालायचं. लई दुखायचं. भिताडाला टेकलं तर गार लागायचं. म्हस हुती एक, तिच्या पोटाला पोट लावून उभी ऱ्हायची मी. जनावराचं अंग ऊन असतंय. ती पण गुणाची, हालायची न्हाई."

मी त्यांच्या शेजारी बसले.

"हा एकच झाला," म्हणजे माझा नवरा. "मग काय झालंच न्हाई. माझी सासू चार माणसांत म्हणायची, नाटकं करतीया, कामाला नको म्हणून. मला पण वाटायचं, समद्या बायकांचं असंच असतंय. त्या सोसत्यात, माझ्यातच दम न्हाई." मग त्या म्हणाल्या, "तू पडायला लागलीस तवा मी वळखलं हुतं. म्हणून तर देवाकडं आणलं. आणि कुठं न्यायचं, मला म्हाईत न्हवतं."

इतकी वर्षं मला वाटत होतं की या घरात माझं दुखणं कळणारं कुणी नाही, आणि ज्यांना ते पोटातून कळलं होतं त्या रोज माझ्यासमोर भाकरी वाढत होत्या. मला रडू आलं, माझ्यासाठीही आणि त्यांच्यासाठीही. "चल," त्या म्हणाल्या, "ऊन चढतंय." मग आम्ही चढलो. पाचही खेटे त्यांनी माझ्याबरोबर, माझ्या चालीने केले.

दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं म्हणतात, तसंच माझंही झालं. आधी मधूनच डाग लागायचे, डोकं जड व्हायचं. चिडचिडही वाढते असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, पण माझ्या बाबतीत घरच्यांना फरक कळला नाही. उन्हाळा लागेपर्यंत मी टेबल सोडून फळ्यासमोर उभी राहून शिकवायला लागले. ते दुखणं मुळासकट गेलेलं नाही आणि जाईलच असं कुणी वचन दिलेलं नाही. पण मी नोकरी सोडली नाही.

पुढच्या तपासणीला आत्या म्हणाल्या, मीपण येते. ठेवणीतली साडी नेसून, केस चापून, लेकाला घेऊन आल्या. माझी तपासणी झाल्यावर त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि चढावर मला सांगितलेलं सगळं त्यांनी डॉक्टरबाईंना सांगितलं. गोठा, म्हस, एकच मूल, सगळं. नवरा ऐकत होता. हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं आणि या वेळी तो भिंतीकडे बघत नव्हता.

"आता काय न्हाई, पाळी जाऊन लई वर्सं झाली," आत्या म्हणाल्या. "औषध नको मला. हिचं जे हाय तेच माझं हुतं का, तेवढं सांगा."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता इतक्या वर्षांनी छातीठोक सांगता येणार नाही आजी. पण तुम्ही जे सांगितलं ते सगळं त्यात बसतंय. बहुतेक तेच."

"म्हंजे दुखत हुतं."

"हो. दुखत होतं. खूप दुखत असणार."

आत्यांनी मान हलवली आणि त्या उठल्या. घरी आल्यावर त्यांनी पाय धुतले, पदर सारखा केला आणि मधल्या खोलीत त्यांच्या सासूबाईंचा हार घातलेला फोटो आहे, त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही दोघं दारात थबकलो. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. शेजारणीला निरोप सांगावा तसं त्यांनी सांगितलं, "आत्याबाई, मी डॉक्टरकडं जाऊन आले. माझं दुखत हुतं."